बस्स, हा शेवटचा!

'बस्स, हा शेवटचा!' हे वाक्य पार्टीत, ऑफिसात आणि खाडीत सारखंच खोटं असतं. पहिल्या दोन ठिकाणचं मला ठाऊक होतं. तिसरं मार्चमधल्या एका रविवारी कळलं, आणि चांगलंच महागात पडलं.

कॉलेजातला माझा एक मित्र आहे. सोमवार ते शुक्रवार कोडिंग, वीकेण्डला गाडीच्या टपावर कयाक. गळाचा नाद त्यानेच मला लावला. आमची जागा ठरलेली: अलिबागच्या पुढे रेवदंडा, कुंडलिकेची खाडी. मोठ्या पात्रात नाही हं, तिवरांत शिरणाऱ्या अरुंद फाट्यांत. तिथे जेमतेम गुडघाभर पाणी. मोठ्या होड्या शिरत नाहीत, पण आपली कयाक ४-५ इंच पाण्यातही मजेत तरंगते.

सामानही हलकं. ७ फुटी लवचीक रॉड, छोटं रील, १० पौंडांची ब्रेड लाईन आणि ७ ग्रॅमच्या जिगहेडवर रबरी मासोळी. टोकाला हातभर जाड लीडर मात्र हवाच, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते. आणि लाइफ जॅकेट. पाणी उथळ आहे म्हणून ते गाडीत ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्याबरोबर जातच नाही.

खरी गंमत भरती-ओहोटीची. भरतीला बोई आणि कोलंबी तिवरांच्या मुळांत चरायला शिरतात. ओहोटी लागली की त्यांना बाहेर पडावंच लागतं. फाट्याच्या तोंडाशी जिताडा आणि तांबोशी दबा धरून बसलेले असतात, चर्चगेटला टीसी उभा असतो ना, तसे. म्हणजे बघा, मासा लागायची सगळ्यात झकास वेळ तीच, जेव्हा तुमच्या बुडाखालचं पाणी निघून चाललेलं असतं!

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना याचं गणित तोंडपाठ. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. त्या दिवशी दशमी होती. दहाची पाऊणपट साडेसात. फोनवरचं ॲपही जवळपास तेच सांगत होतं.

'नऊला परत फिरायचं,' मित्राने पाण्यात उतरतानाच बजावलं. 'संध्याकाळी सातला आई दादरला उतरतेय. पहिल्यांदाच एकटी येतेय गं.'

'येस बॉस,' मी म्हटलं.

नऊ वाजेपर्यंत दोन वीतभर तांबोशा लागल्या, सोडून दिल्या. मित्राने कयाक वळवली. 'चल.' मी म्हटलं, 'तू हो पुढे, पाच मिनिटांत आलेच. बस्स, हा शेवटचा!'

शेवटचे सात-आठ झाले असतील. आणि मुळांपाशी 'फट्ट' असा आवाज आला. रील किंचाळलं, रॉड कमानीसारखा वाकला आणि दोन फुटांचा जिताडा पाण्याबाहेर डोकं झटकत उडाला. त्याने मला कयाकसकट फाट्यात आणखी आत ओढत नेलं. दहा मिनिटांनी तो कुशीला आला. ओल्या हाताने धरला, गळ काढला, सोडला. जिताडा आयुष्याची सुरुवात बहुधा नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी त्याची मादी होते. म्हणजे मोठे जिताडे म्हणजे बहुतेक आयाच. हा अजून मोठा व्हायचा होता.

त्या आनंदात आणखी काही 'शेवटचे' झाले. मान वर केली तेव्हा साडेदहा वाजले होते आणि फाट्याच्या तोंडाशी पाणीच नव्हतं. नुसता चकाकता चिखल. एक पाय खाली टाकला, तो मांडीपर्यंत गेला. कसाबसा ओढून काढला. सँडल चिखलानेच ठेवून घेतली.

लांब मोठ्या पात्रात होडीवर एक काका होते. 'उतरू नको गं पोरी! तिथंच बस! पाणी आपलं आपण येईल!'

आलं. पण साडेदहाला जेवढं होतं तेवढं परत यायला पावणेपाच वाजले. सव्वासहा तास, एक लिटर पाणी, डोक्यावर ऊन. मित्राला फोन केला, 'तू जा, मी येईन एसटीने.' तो एवढंच म्हणाला, 'टोपी ओली करून घाल. मी धक्क्यावर आहे.'

सुटल्यावर काकांना जिताड्याची गोष्ट सांगितली. 'सोडलास?' ते हसले. 'आमचा दिवस निघाला असता त्यात.' आपल्याला सोडणं परवडतं, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दादरला पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. वडखळपासून ट्रॅफिक, आणि गाडीत आम्ही दोघंही गप्प. त्याची आई प्लॅटफॉर्मवर बॅगेवर बसून होती. तीन तास. फोन दोन्ही हातांत घट्ट धरलेला. माझे चिखलाचे पाय बघून पहिला प्रश्न काय? 'जेवलीस का गं?' आणि पिशवीतून फडक्यात बांधलेली दशमी काढून माझ्या हातात दिली. सकाळी तिथी दशमी, रात्री हातात दशमी. एरवी मी यावर जोक मारला असता. त्या दिवशी घासच उतरेना.

चिखलात मी अडकले, पण ताटकळले ते दोघं.

आता नियम एकच. परतायची वेळ पाण्यात उतरण्याआधी ठरवायची आणि फोनवर गजर लावायचा. भरतीनंतर दीड तास. वाजला की लाईन गुंडाळायची, समोर जिताडा नाचत असला तरी.

काल मित्राचा मेसेज आला. 'रविवारी येतेस? शेवटचा कास्ट कितीला?'

मी लिहिलं, 'नऊला. आणि आई पुढच्या वेळी येतील तेव्हा दादरला घ्यायला मी जाईन. सातच्या गाडीला साडेसहालाच.'