पांढऱ्या सोन्याला वेस कशासाठी?

यवतमाळहून दारव्ह्याकडे निघाले की लगेचच लोहारा लागते. गावापेक्षा तेथील औद्योगिक वसाहतच आज अधिक परिचित आहे, आणि त्या वसाहतीतील ठळक नाव म्हणजे रेमंडचा डेनिम कापडाचा कारखाना. २००६ साली बेल्जियमच्या यूको कंपनीशी त्याची भागीदारी झाली. ज्या जिल्ह्यात कापूस पिकतो त्याच जिल्ह्यात जीन्सचे कापड विणले जावे, हे भाग्य विदर्भातील फार थोड्या गावांच्या वाट्याला आले आहे. एरवी येथला कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, १७० किलोची गाठ बांधली जाते आणि ती गाठ दूरच्या सूतगिरणीची वाट धरते. कधी तामिळनाडूची, कधी गुजरातची, तर कधी पेट्रापोलच्या नाक्यावरून बांगलादेशाची.

ही सीमेपार जाणारी गाठ गेली पंधरा वर्षे वादाचा विषय झाली आहे. गिरणीमालक म्हणतात, कच्चा माल शेजाऱ्याला देऊन आपणच आपला प्रतिस्पर्धी पोसतो. शेतकरी म्हणतो, गिऱ्हाईक वाढले तरच भाव वाढतो. स्वदेशीचा संस्कार झालेल्या मनाला यातील पहिला युक्तिवाद चटकन पटतो. एक क्विंटल कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते आणि तिच्यातून शंभराच्या आसपास सदरे सहज होतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला, म्हणजे एका सदऱ्यामागे शेतकऱ्याचे सुमारे ऐंशी रुपये, आणि तेही सरकीची किंमत धरून. सूत, कापड, रंग, शिलाई यांची सारी मिळकत गाठीबरोबर ढाक्याला जाते. इंग्रजांनी १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड घेतला तो या कापसावर डोळा ठेवूनच. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची ‘शकुंतला’ धावली तीही वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे आणि तेथून मँचेस्टरकडे नेण्यासाठी. तोच व्यवहार स्वतंत्र भारताने शेजाऱ्याशी का करावा, हा प्रश्न अप्रस्तुत म्हणता येणार नाही.

मात्र प्रश्न रास्त असला म्हणून त्यावर दिले गेलेले उत्तर रास्त ठरत नाही. आजवरचे उत्तर एकच आहे : वेस बंद करा. एप्रिल २०१० मध्ये कच्च्या कापसावर टनामागे २,५०० रुपये निर्यातकर बसला आणि त्याच महिन्यात निर्यातीची नोंदणीही थांबवण्यात आली. पुढच्या हंगामात निर्यातीवर ५५ लाख गाठींची मर्यादा घातली गेली. नेमक्या त्याच हंगामात, मार्च २०११ मध्ये, जागतिक बाजारात रुईने पौंडाला दोन डॉलरची पातळी ओलांडली होती. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर असा भाव जगाने पाहिला नव्हता. त्या यादवीच्या काळात वऱ्हाडात पैसा आला होता. या वेळी दार आतून लावलेले होते. ५ मार्च २०१२ रोजी पुन्हा संपूर्ण निर्यातबंदी झाली. केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांनी आपल्याला न विचारता निर्णय झाल्याची जाहीर तक्रार केली, गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी पंतप्रधानांकडे निषेध नोंदवला, आणि आठवडाभरात सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले. पूर्ण मोकळीक मिळायला एप्रिल संपत आला. ज्या शेतकऱ्याला तेवढे थांबणे परवडणारे नव्हते, त्याने खेडा खरेदीत मिळेल त्या भावाला माल दिला. ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली ३,७५० कोटींचे पंतप्रधान पॅकेज जाहीर करावे लागले, त्यांत यवतमाळ होते. एका हाताने पॅकेज आणि दुसऱ्या हाताने निर्यातबंदी, या दोन्ही गोष्टी एकाच सरकारच्या कारकिर्दीत घडल्या.

सरकार बदलले, पण रीत पुरती बदलली नाही. कापसावर फेब्रुवारी २०२१ पासून ११ टक्के आयातशुल्क लागू झाले. २०२१-२२ च्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला आणि एप्रिल २०२२ मध्ये हे शुल्क काही महिन्यांसाठी उठवण्यात आले. १९ ऑगस्ट २०२५ रोजी ते पुन्हा माफ झाले. ही माफी आधी सप्टेंबरअखेरपर्यंत होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. अमेरिकेच्या ५० टक्के शुल्काने वस्त्रोद्योग संकटात होता हे खरे, आणि त्याला आधार देणे आवश्यकही होते. पण तो आधार कोणाच्या खिशातून दिला गेला? परदेशात भाव चढला की निर्यातीचे दार लागते आणि देशात भाव चढला की आयातीचे दार उघडते. दोन्ही वेळा हिशेब चुकता करतो तो दसरा-दिवाळीला पहिली वेचणी करणारा शेतकरी. सीतादहीचा नैवेद्य दाखवून ज्याने वेचणी सुरू केली, त्याला आपल्या पिकाचा भाव दिल्लीतील अधिसूचनेतून कळतो.

महाराष्ट्राला हा धडा फार पूर्वीच मिळायला हवा होता. १९७२ पासून सुमारे तीस वर्षे राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस सरकारलाच विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. शेजारी भाव अधिक दिसला की पांढरकवडा, वणी भागातील कापूस पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे जाई, आणि स्वतःच्याच शेतातला माल नेणारा शेतकरी कायद्याच्या नजरेत तस्कर ठरे! संरक्षणासाठी बांधलेली भिंत कुंपण कधी झाली, हे बांधणाऱ्यांनाही उमगले नाही.

तर मग वेस सताड उघडी ठेवून शेजाऱ्यावर विसंबावे काय? तेही नाही. कच्चा माल शेजाऱ्याला विकण्याचा असाच वाद कॅनडात अनेक वर्षे चालला आहे. तेथील अल्बर्टा प्रांतात डांबरासारख्या घट्ट तेलाने माखलेल्या वाळूचे प्रचंड साठे आहेत. हे तेल जवळजवळ सगळे शेजारच्या अमेरिकेला जाते. कॅनडाच्या तेलनिर्यातीत अमेरिकेचा वाटा दीर्घकाळ नव्वद टक्क्यांच्या वर राहिला. ही निर्यात वाढवण्यासाठी ‘कीस्टोन एक्सएल’ नावाची नवी वाहिनी २००८ साली प्रस्तावित झाली. ओबामांनी २०१५ मध्ये ती नाकारली, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये मंजूर केली, बायडेन यांनी जानेवारी २०२१ मध्ये सत्तेवर येताच परवाना रद्द केला. पर्यावरणाचे आक्षेप होतेच, ते क्षुल्लकही नव्हते. पण विकणाऱ्याचे भवितव्य घेणाऱ्याच्या निवडणुकीवर लटकले होते, ही गोष्ट उरतेच. गिऱ्हाईक एकच आणि वाहिन्या अपुऱ्या, त्यामुळे २०१८ च्या अखेरीस कॅनडाचे तेल अमेरिकी तेलापेक्षा पिंपामागे चाळीस डॉलरहूनही अधिक स्वस्त विकले गेले. शेवटी कॅनडा सरकारने दुसरी वाहिनी विकत घेऊन ती पश्चिम किनाऱ्याकडे वाढवली. मे २०२४ मध्ये ती सुरू झाली, आशियाचे गिऱ्हाईक मिळाले आणि भावातली तूट आटली.

वाळूतले तेल जमिनीत राहिले तरी नासत नाही. कापसाचे तसे नाही. घरात साठवला तर तो पिवळा पडतो, घरातल्यांच्या अंगाला खाज सुटते, आणि सरकारी केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या वर भरला तर गाडी परत येते. म्हणजे एकाच गिऱ्हाइकाचा धोका अल्बर्टापेक्षा यवतमाळला कितीतरी अधिक आहे, आणि तो भारताने तीनदा अनुभवला आहे. २०११-१२ मध्ये चीनने भारतीय रुई मोठ्या प्रमाणावर उचलली. आपल्या साठ्याचे धोरण बदलताच त्याने हात आखडता घेतला. पाकिस्तानने ऑगस्ट २०१९ मध्ये व्यापार तोडला. मार्च २०२१ च्या अखेरीस तेथील आर्थिक समितीने भारतीय कापसाला परवानगी दिली आणि दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने ती फिरवली. त्यांच्या गिरण्या उपाशी राहिल्या, पण आपले गिऱ्हाईकही गेले. उरला बांगलादेश. तेथे सत्तापालट झाल्यावर एप्रिल २०२५ मध्ये भारतीय सुताची जमिनीवरील नाक्यांतून होणारी आयात बंद करण्यात आली. मे महिन्यात भारतानेही त्यांचे तयार कपडे न्हावा शेवा आणि कोलकाता या बंदरांपुरते मर्यादित केले. यात एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. बंदी सुतावर आली, रुईवर नाही. रुई हवी, सूत नको! मँचेस्टरचीही भूक याच जातीची होती.

याला उत्तर द्यायचे ते वेशीवर नव्हे, शेताजवळ. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडले ते कापूस जवळ म्हणून. १ जानेवारी १८७७ रोजी त्यांची गिरणी सुरू झाली. व्हिक्टोरियाच्या सम्राज्ञीपदावरून तिचे नाव ‘एम्प्रेस’ ठेवले गेले, हा भाग वेगळा. पण नागपुरातील हजारो घरांच्या चुली तिने पेटत्या ठेवल्या. तिने शेतकऱ्याला कापूस मुंबईला विकायची बंदी करा असे म्हटले नाही. तिने जवळ येऊन विकत घेतला. २००२ साली ती बंद झाली आणि तिची जागा विदर्भात आजवर भरून निघाली नाही. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील पीएम मित्र वस्त्रोद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. त्या उद्यानात किती चात्या फिरतात आणि त्यांना पुरेशी वीज कोणत्या दराने मिळते, यावर यवतमाळच्या कापसाचे भवितव्य निर्यातीच्या कोणत्याही अधिसूचनेपेक्षा अधिक अवलंबून राहील.

शिवाय निर्यातीला माल उरला आहे कुठे? २०१३-१४ मध्ये देशाचे उत्पादन चारशे लाख गाठींच्या घरात होते. २०२४-२५ मध्ये ते तीनशे लाखांच्या खाली आले आणि आयात निर्यातीहून अधिक झाली. गुलाबी बोंडअळी, कोरडवाहू जमीन आणि जुने पडलेले बियाणे यांवर काम करण्याऐवजी उरल्यासुरल्या गाठींना कोणत्या दाराने जाऊ द्यायचे, यावर आपण भांडत आहोत.

तूर्त केंद्राने एवढे तरी करावे. कापसाच्या आयात-निर्यातीचे संपूर्ण हंगामाचे धोरण मे महिन्यातच जाहीर करावे आणि वर्षभर त्याला हात लावू नये. यवतमाळच्या शिवारात पेरणी जूनमध्ये होते. शुल्कमाफीची २०२५ ची अधिसूचना लागू झाली तेव्हा १९ ऑगस्ट उजाडला होता, पऱ्हाटी रानात उभी होती, आणि कापसाऐवजी तूर की सोयाबीन हे ठरवण्याची वेळ शेतकऱ्याच्या हातून दोन महिन्यांपूर्वीच निघून गेली होती.