पडद्याचा हिवताप

यंत्र एकदाचे बंद पडले, तर माणूस दोन शिव्या हासडतो आणि दुरुस्तीवाल्याचे दुकान गाठतो. खरी पंचाईत होते ती अधूनमधून बिघडणाऱ्या यंत्राची. घरी दहादा पडदा काळा होतो. आणि दुकानदाराच्या टेबलावर ठेवताच तेच यंत्र असे लख्ख उजळते, की आपणच खोटे ठरावे! हिवतापाचे असेच असते. रोगी कुडकुडत असतो तेव्हा डॉक्टर जवळ नसतो, आणि डॉक्टर येतो तेव्हा रोगी उठून चहा पीत बसलेला असतो. म्हणून जुने डॉक्टर औषधाआधी विचारीत, "ताप चढतो कधी?" पडलेल्या लॅपटॉपलाही पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, आणि तो कोणी विचारीत नाही, ही माझी तक्रार आहे.

आमचे जांबे मुळशी तालुक्यातले. हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क जवळच. त्यामुळे ज्या ओसरीवर पूर्वी आंबेमोहोराची पोती रचलेली असत, तिथे आता चार्जरच्या तारा लोंबत असतात. माझी पुतणी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्कूटरवर पायांपाशी ठेवलेली तिची पिशवी एका खड्ड्यात उसळली आणि लॅपटॉप रस्त्यावर आपटला. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी पडदा थरथरू लागला, मध्येच गुडुप होऊ लागला. आणि सोमवारी तिची नोकरीसाठी मुलाखत, तीही त्याच लॅपटॉपवरून!

एका दुकानदाराने यंत्र न उघडताच निकाल दिला, "मदरबोर्ड गेलाय. नवीनच घ्या." दादा लगेच मुदतठेव मोडायला निघाला. शेजारच्या काकूंनी लॅपटॉप रात्रभर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा सल्ला दिला. आता मुळशीत तांदळाला काय तोटा? पण तांदूळ फार तर ओल शोषील. तुटलेली तार जोडणे काही त्याला जमायचे नाही.

"काका, तुम्ही तरी बघा ना," पुतणी म्हणाली.

मी मूळचा टीव्ही दुरुस्त करणारा. 1982 साली एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आले, त्या दिवसांत या धंद्यात पडलो. ड्राय सोल्डर नावाचा छुपा शत्रू मी तिथेच ओळखला. वरून डाग पक्का दिसतो, आत सांधा सुटलेला असतो. असा बिघाड डोळ्यांना दिसत नाही. तो कधी येतो आणि कधी जातो, एवढ्यावरूनच पकडावा लागतो.

आधी बॅटरी पाहिली. आपटलेल्या यंत्राचा तळ फुगलेला दिसला, की चार्जिंग बंद आणि बाकीचे सगळे नंतर. तळ सपाट होता. मग तिला सांगितले, "तुझं प्रोजेक्ट आणि कागदपत्रं आधी पेनड्राइव्हवर उतरव. पडदा दिसतोय तोवर उरकून घे." आणि मग एक वही दिली. पडदा जाईल त्या प्रत्येक वेळी त्या क्षणी काय चालले होते ते लिहायचे. संध्याकाळपर्यंत अकरा नोंदी झाल्या, त्यांतल्या नऊ झाकण हलवतानाच्या. यंत्र तापल्यावर बिघाड वाढतो म्हणावे, तर तसे काही दिसेना.

इथे वाचकांना चित्राचा प्रवास सांगितला पाहिजे. चित्र तयार होते खाली, कीबोर्डाखालच्या मदरबोर्डावर. तिथून ते केसासारख्या बारीक तारांच्या एका केबलमधून बिजागरीजवळून वर चढते आणि पडद्यामागच्या छोट्या सर्किटात शिरते. पडद्याच्या काचेला स्वतःचा उजेड नसतो. तिच्या मागे एलईडीची पट्टी असते, आणि तिची वीजही बहुधा त्याच केबलमधून येते. म्हणजे दोष चार ठिकाणी असू शकतो: खाली, वाटेत, काचेत किंवा उजेडात. नवीन लॅपटॉप घ्यायचा प्रश्न फक्त पहिल्या ठिकाणी येतो, आणि तोही नेहमी नाही.

आम्ही लॅपटॉप एचडीएमआयच्या वायरीने घरच्या टीव्हीला जोडला. लॅपटॉपचा पडदा गेला, टीव्हीवरचे चित्र मात्र ढिम्म हलले नाही. मदरबोर्डावरचा आरोप इथेच निम्मा गळाला. टीव्हीवरही चित्र तुटले असते, तर मी ग्राफिक्सची चिप, रॅम किंवा सॉफ्टवेअर यांच्यामागे लागलो असतो. मग एक गाणे लावून ठेवले. पडदा काळा झाला, गाणे चालूच. म्हणजे यंत्र झोपी जात नव्हते. ही शंका पाहणे जरूर होते. कारण झाकणात बहुधा एक लोहचुंबक असते, ते जवळ आले की यंत्र झाकण मिटले असे समजून निजते, आणि आपटून झाकण वाकले तर ही समजूत अवेळी होऊ शकते. विंडोज सुरू होण्याआधीच्या बायोसच्या पानावरही पडदा थरथरला, तेव्हा सॉफ्टवेअर सुटले.

शेवटची परीक्षा माझ्या आवडीची. खोलीत अंधार केला, आणि पडदा गेल्याबरोबर त्यावर तिरका टॉर्च मारला. अक्षरे होती! फिकट, भुतासारखी, पण होती. चित्र पोचत होते, उजेड पोचत नव्हता; आणि झाकण जरा मागे नेले की उजेड परत येत होता. काचेवर काळा डाग नाही, उभ्या रेघा नाहीत. संशय उरला तो बिजागरीपाशी.

"म्हणजे मदरबोर्ड नाही?" दादाने तिसऱ्यांदा विचारले. त्याला मुदतठेवीची पावती दिसत होती.

तेवढ्यात सोमवार आला. झाकण जिथे नीट राहते त्या कोनात मागे उशी लावून टेकवले आणि टीव्ही जोडलेला ठेवला. पण कॅमेरा लॅपटॉपच्या झाकणात! टीव्हीकडे पाहिले, तर मुलाखत घेणाऱ्याला पोरगी भिंतीशी बोलते आहे असे वाटायचे. शेवटी टीव्ही लॅपटॉपच्या बरोबर पाठीमागे आणून ठेवला. पडदा दोनदा गेला. तिकडे कोणाला कळले नाही.

मंगळवारी यंत्र उघडले. आत हात घालण्याआधी चार्जर काढायचा आणि बॅटरीचे कनेक्टरही सोडवायचे. हे मी मुद्दाम सांगतो. बॅटरी जोडलेली असताना पडद्याची केबल ओढली, तर उजेडाची वीज भलत्या तारेला लागून फ्यूज किंवा चिप जळू शकते. असे झाले, तर त्या दुकानदाराचे भाकीत आपणच खरे केले म्हणायचे.

बिजागरीचा स्क्रू धरणारी पितळी नटी प्लॅस्टिकमधून उखडली होती. त्यामुळे बिजागरी वर उचलली जाई आणि झाकणाच्या प्रत्येक हालचालीला केबल चिमटीत सापडे. तिचे वेष्टण सोलले होते. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत अशी केबल मिळते. मात्र नुसते लॅपटॉपचे नाव सांगून जाऊ नका. जुन्या केबलवरचा नंबर उतरवून न्या, शक्य तर केबलच घेऊन जा. कारण एकाच नावाच्या लॅपटॉपात कुठे 30 पिनांची केबल असते, कुठे 40 पिनांची. पुतणी जुनी केबल पाकिटात घालून स्वतः गेली आणि नवीन घेऊन आली.

केबल बसवायला पाव तास लागला. नटी इपॉक्सीने चिकटवायला मात्र पूर्ण दिवस दिला. ती तशीच सोडली असती, तर नवी केबलही महिन्याभरात चिमटली असती. बिजागरीचा ताणही थोडा सैल केला. आता झाकण उघडताना पूर्वीसारखा करकर आवाज येत नाही, आणि दादाची मुदतठेव बँकेत आहे तशीच आहे.