नेम घरात धरायचा, तर आधी छर्रा अडवायची सोय करा

कोल्हापूर : राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधव यांच्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. त्याच स्पर्धेत मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये पदक घेतलं.

असं यश बघून खेड्यातल्या पोरापोरींनाही नेमबाजी शिकावी वाटली तर त्यात वावगं काही नाही. पण रेंज शहरात. रोजचं एसटी भाडं आणि शाळेची वेळ जुळत नाही. मग सराव सोप्यात नाहीतर परड्यात सुरू होतो. पिस्तुलासाठी पै-पै जमवली जाते, पण छर्रा अडवायचा खर्च हिशोबात धरायचा राहून जातो. खरा धोका इथंच आहे.

हे खेळणं नव्हे

२० ज्यूलपर्यंत ताकद आणि ४.५ मिलिमीटरपर्यंत नळी असलेल्या एअर गनला शस्त्र परवाना लागत नाही. म्हणून काही ती खेळणं ठरत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलातून शिशाचा छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने सुटतो. डोळा जायला तेवढं पुरे. सिमेंटची भिंत, दगड किंवा कडक फळीवर बसला तर तो उलटूनही येतो. स्टीलच्या गोल गोळ्या तर फारच उसळतात, त्या घरात वापरूच नयेत.

आडोसा कसा करायचा?

गावातला वेल्डिंगवाला हे काम करून देईल. तीन मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा पेटीत ४५ अंशात तिरका बसवायचा. वरची कड नेमबाजाकडे झुकलेली हवी, म्हणजे छर्रा खाली वळतो. तळाला जुन्या कापडाचा थर टाकायचा. दुसरा मार्ग आणखी स्वस्त आहे. खोल लाकडी पेटीत जुनी कापडं गच्च भरायची आणि मागे पत्रा लावायचा. एकाच जागी छर्रे बसून कापड पोकळ होतं, म्हणून ते अधूनमधून बदलायचं. वाळू वापरायची तर बारीक चाळून घ्यावी, खडा राहिला की छर्रा उसळतो.

नवशिक्याचा नेम पेटीबाहेरही जातो. त्यासाठी पेटीमागे जाड जुनी सतरंजी सैल टांगावी आणि तिच्यामागे दारं-खिडक्या नसलेली पक्की भिंत असावी. अंतर १० मीटर, म्हणजे सुमारे ३३ फूट. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर. सराव चालू असताना मधल्या दाराला आतून कडी हवी. डोळ्याला चष्मा हवा आणि लहान मुलांजवळ मोठं माणूस हवं.

गोठ्यात नको

लांब जागा म्हणून गोठा सोयीचा वाटतो. पण छर्रा शिशाचा असतो आणि शिसं विषारी आहे. ते वैरणीत गेलं तर जनावर दगावू शकतं. छर्रे डब्यात गोळा करावेत, सराव झाल्यावर साबणाने हात धुवावेत, मगच जेवावं. पाखरांवर नेम धरणं तर वन्यजीव कायद्यात अडकवणारं आहे.

ग्रामपंचायतीनेही बघावं

घरचा आडोसा ही तात्पुरती सोय झाली. १० मीटरच्या रेंजला मैदान लागत नाही, एक लांब खोली पुरते. शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा रिकामा हॉल, चार पक्क्या पेट्या आणि एक जाणता माणूस एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. पदक आलं की गावात मिरवणूक निघते. त्या खर्चातला थोडा पैसा आधीच इकडे वळला, तर पोरं शिकतील आणि घरच्यांचा जीवही टांगणीला लागणार नाही.