मोतीबागेचं बोलताय? मग आधी पाण्याचं बोला

जालनेकरांनो, मोतीबागेचा विषय निघाला की आपली यादी तयारच असते. कमान, रंगीत लाईट, सेल्फी पॉइंट, कारंजं, पेव्हर ब्लॉक. झाडांना मे महिन्यात पाणी कुठून घालायचं, हे मात्र त्या यादीत शेवटी येतं. कधी कधी येतच नाही.

आपल्या गावाची जुनी रीत उलटी होती. मलिक अंबरच्या काळात, म्हणजे चारशे वर्षांपूर्वी, जमशेदखानाने मोती तलाव बांधला. तिथून जमिनीखालून नळ टाकून गावातल्या हौदांत पाणी आणलं. सराईच्या चौकातला हौद त्यात सगळ्यात मोठा. आधी पाण्याची सोय, मग बाकीचा थाट. मोतीबाग त्याच तलावाशेजारी आहे, हे विसरून तिचा विचार करताच येणार नाही.

आता साधा हिशेब करू. एक एकर जागेवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण एक लाख लिटर पाणी होतं. माती असेल तर त्यातलं बरंचसं मुरतं. फरशी केली की बहुतेक नालीत जातं. मग तेच पाणी उन्हाळ्यात टँकरने आणायचं, हा कुठला विकास?

लाईट नको, असं माझं म्हणणं नाही. म्हाताऱ्यांना, लेकीबाळींना संध्याकाळी बसायला उजेड, स्वच्छ शौचालय आणि बाकडी हवीतच. पण २०१२-१३ चा दुष्काळ आठवा. घरात हंडाभर पाण्याची मारामार असताना बागेला पिण्याचं पाणी द्या, असं कुणी म्हणणार नाही, म्हणूही नये. म्हणूनच बागेला शुद्ध केलेलं सांडपाणी हवं, आणि लॉनऐवजी कडुनिंब, वड, चिंच अशी कमी पाण्यात तगणारी झाडं.

हे जमणार नाही, असं म्हणू नका. घाणेवाडी तलावाचा गाळ काढायला याच गावातले लोक खिशातले पैसे घेऊन पुढे आले होते. २०२३ मध्ये आपली महापालिका झाली. आता निदान बागेसाठी पाण्याची स्वतंत्र लाईन आणि कायमचे माळी एवढं तरी बजेटमध्ये मागू.

पुढच्या वेळी 'सुशोभीकरण' असा बोर्ड दिसला, की नारळ फोडणाऱ्याला एकच विचारा: साहेब, पाणी कुठून आणणार?

तुम्हाला काय वाटतं? कमेंटमध्ये लिहा. पटलं तर आपल्या वॉर्डाच्या ग्रुपवर टाका.