दहिसर नदी फक्त पावसाअभावी मरत नाही, साहेब

मंडळी, दर मे महिन्यात एक वाक्य कानावर पडतंच. "पाऊस कमी झाला, नदी आटली, आपण काय करणार?" परवा एका साहेबांनीही तेच ऐकवलं, वर चहा पाजला. वीसेक वर्षं या उपनगरात बातमीदारी करतोय, म्हणून चहा घेऊन गप्प बसणं जमलं नाही.

आपल्याकडे पाऊस चार महिने, कोरड आठ महिने. ही काही नवी आपत्ती नाही. नॅशनल पार्कातले ओढे दर उन्हाळ्यात तुटतात. आधी दगडांवरून खळखळणारं पाणी थांबतं. वाहत्या पाण्यातल्या प्राणवायूवर जगणारे किडे आणि त्यांच्या अळ्या तिथेच संपतात. उरतात ते डोह. दगडाला चिकटणारा मळ्या, चतुराची पिल्लं, पाणनिवळ्या, सगळे त्याच डबक्यात दाटीवाटीने. पाणी तापतं, प्राणवायू घटतो, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. बगळ्यांची मात्र चंगळ. मुठे ओलाव्याच्या शोधात बिळात खोल जातात, काही जीव वाळूखालच्या ओलीत दडतात. पहिला दणका पडला की हेच उरलेले जीव पुन्हा ओढा भरतात आणि वलगणीचे मासे उलटे वर चढतात. पाऊस लांबला की हा हिशोब बिघडतो, मान्य. पण डोह शाबूत असेल तर मुद्दल तरी राहतं.

आता पार्काच्या बाहेर या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर आपण नद्यांना भिंती घातल्या, काही ठिकाणी तळालाही काँक्रीट केलं. पुराची भीती खरी होती, ते नाकारत नाही. पण काँक्रीटच्या तळाला ना डोह, ना वाळूखालची ओल. मुठ्याने बीळ कुठे करायचं? सिमेंटच्या पायरीवरून वलगण चढणार कशी?

आणि गंमत बघा, बोरिवलीत भर उन्हाळ्यातही नदीत पाणी असतं! ते तबेल्यांचं आणि गटाराचं. वरून ताजं पाणी येत नाही, म्हणून ते पातळही होत नाही. म्हणजे वर जीव आहेत तर पाणी नाही, खाली पाणी आहे तर जीव नाहीत.

मग नालेसफाई. ३१ मेच्या आत गाळ काढायचा म्हणून पोकलेन उतरतो तो नेमका जीव डोहात गोळा झालेले असताना. गटाराचा गाळ काढा, खुशाल काढा. जिवंत डोहात तरी लोखंडी पंजा घालू नका.

कुणी विचारेल, माणसांना पाणी नाही आणि तुम्ही खेकड्यांचं काय घेऊन बसलात? जून २०२४ मध्ये १० टक्के पाणीकपात झाली तेव्हा मीही बादल्या भरल्यात. पण ज्या वाळूत मुठा जगतो, तीच वाळू पाणी जमिनीत मुरवते. तळाला सिमेंट ओतायचं आणि वर टँकर मागवायचा, हा कुठला शहाणपणा?

आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला दोनच गोष्टी विचारा. तळाचं काँक्रीट कुठे कुठे फोडणार? आणि डोह कुठले आहेत, याची यादी पोकलेनवाल्या ठेकेदाराला कोण देणार? उत्तर मिळालं तर खाली कमेंटमध्ये टाका. मी छापतो.