इंजिन का रुसलं?

मालवण तालुक्यातल्या धामापूरला १५३० साली बांधलेला तलाव आहे. तलावाचं पाणी उताराने शेतात जातं, त्याला इंजिन लागत नाही. पण उंचावरच्या बागेचं काय? तिथे पंप हवा. समजा, जुनं पेट्रोल इंजिन पावसाळाभर पडवीत पडून होतं. दिवाळीनंतर पोफळी तहानल्या आणि दोरी कितीही ओढली तरी इंजिन ढिम्म! प्लगला ठिणगीच नाही.

लगेच नवी कॉइल आणायची? थांबा! ठिणगी येते कुठून ते आधी पाहू. इंजिनाच्या चाकात चुंबक असतो. तो कॉइलजवळून फिरला की तारेत वीज तयार होते. फॅरेडेने १८३१ मध्ये शोधलं ते हेच. चाकाखाली 'पॉइंट' नावाची दोन चिमुकली टोकं असतात. ती उघडताच प्रवाह तुटतो, हजारो व्होल्टचा दाब तयार होतो आणि प्लगच्या फटीत ठिणगी उडते.

कोकणच्या दमट हवेत या टोकांवर पुट चढतं. मग प्रवाहच वाहत नाही, तर तुटणार काय?

म्हणून सोप्याकडून अवघडाकडे जायचं. आधी बंद करायचं बटण, मग काजळलेला प्लग, सुटलेली वायर, पॉइंट. कॉइल सर्वांत शेवटी. पॉइंटवर बारीक पॉलिशपेपर हलकेच फिरवून कोऱ्या कागदाने पुसलं की पुष्कळदा काम भागतं.

हे काम मात्र मोठ्यांनीच करायचं, पेट्रोल दूर ठेवून. तुम्ही काढलेले स्क्रू कागदावर क्रमाने मांडा.

आता सांगा, टॉर्च लागली नाही तर आधी काय तपासाल?