भिंत मातीची म्हणून घर कच्चे नव्हे

मृगाच्या आधी कवेलू फेरून घेणे हे एकेकाळी आपल्या जिल्ह्यात पेरणीच्या तयारीइतकेच मोठे काम असे. बाप छपरावर, पोरे खाली कवेलू झेलायला आणि घरच्या बाया भिंती पोतारायला. आता गावोगाव फिरताना हे दृश्य क्वचितच दिसते. कवेलूच्या जागी टिन आले, टिनाच्या जागी स्लॅब आली. त्यात वाईट काही नाही. ज्याची जशी ऐपत आणि जशी पसंती, तसे त्याने घर बांधावे. पण चांगली धडधाकट भिंत केवळ मातीची आहे म्हणून पाडली जाते, तेव्हा चार शब्द बोलावेसे वाटतात.

गेल्या उन्हाळ्यात सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती कशी तपासावी हे सांगायला सेलू तालुक्यातील एका गावी गेलो होतो. मे महिन्याची दुपार. एका वयस्क शेतकऱ्याच्या छपरीत बसलो. हात-सव्वा हात जाडीची मातीची भिंत, वर कवेलू. शेजारीच मुलाने बांधलेली टिनाची नवी खोली. सूनबाई लेकराला निजवायला त्या खोलीतून उठून जुन्या घरात आली. पाणी झाल्यावर म्हातारबाबांनी विचारले, "साहेब, घरकुल मंजूर झालं. जागा तेवढीच हाये, म्हून हे घर पाडाव लागते. पन या भितीनं आमचं काय बिघडवलं?" मी शेतीचा माणूस. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

सरकारी कागदात मातीची भिंत 'कच्ची' या रकान्यात जाते. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत तशीच नोंद झाली आणि त्यामुळे अनेक गरजू कुटुंबांना घरकुल मिळाले, हे चांगलेच झाले. पण रकान्यातला शब्द लोकांच्या मनात जाऊन बसला. मातीत राहतो तो गरीब, सिमेंटमध्ये राहतो तो सुधारलेला, असा समज झाला. वास्तविक २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत पक्क्या घराची कसोटी आहे ती टिकण्याची. स्थानिक हवामानात, नेहमीची डागडुजी करून, घर निदान ३० वर्षे टिकावे. घर किमान २५ चौरस मीटरचे असावे, लाभार्थ्याने ते स्वतः बांधावे आणि स्थानिक साहित्य व पद्धती वापराव्यात, असेही ही योजना सांगते.

टिकण्याचा दाखला शोधायला आपल्याला लांब जायला नको. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. तिथले आदि निवास आणि बापू कुटी ही घरे माती, बांबू, लाकूड आणि कवेलूची आहेत. बापू कुटी आधी मीराबहेन यांची होती. आज नव्वदीच्या घरात गेलेल्या या वास्तू वेळच्या वेळी सारवण आणि डागडुजी होत असल्यामुळे उभ्या आहेत. पाच मैलांच्या आत जे सामान मिळते त्यातून घर बांधावे, हा गांधीजींचा विचार इंग्लंडहून आलेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी आयुष्यभर जपला आणि केरळात कमी खर्चाची असंख्य घरे उभी केली. आपल्याकडे दत्तपूरला देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मातीच्या घरांवरच काम केले. कुंभाराच्या चाकावर घडवलेले शंकूच्या आकाराचे कवेलू एकमेकांत बसवून लाकडाशिवाय कमानीचे छत करण्याची रीत त्यांनी लोकांपुढे ठेवली.

मग आपली मातीची घरे पडतात का? मातीच्या भिंतीचे वैरी दोन : वरून गळणारे पाणी आणि खालून चढणारी ओल. हे दोन्ही आवरले तर भिंत आपल्याहून जास्त जगते. त्यासाठी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पाया काळ्या मातीत थांबवू नये. काळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदावे. भिंतीलाही काळी माती वापरू नये. जुन्या लोकांनी शेताला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हटले, त्यात मोठे शहाणपण आहे. जोते दगडाचे आणि दीड-दोन फूट उंच असावे. वळचण भिंतीपासून दोन फूट तरी बाहेर हवी. चिखलात गव्हाचे कुटार मिसळून तो आठ-दहा दिवस कुजवावा, मग गिलावा भेगाळत नाही. न्हाणीचे पाणी भिंतीच्या बुडाशी सोडू नये. आणि मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा तर मुळीच करू नये. आतली ओल आतच कोंडते आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे सुटून येतात.

मातीच्या घराचे दोषही सांगितले पाहिजेत. उधई लागते, उंदीर बिळे करतात. वानरांनी एक उडी मारली की शंभर कवेलू फुटतात. आता कवेलू करणारे कुंभार कमी झाले, सागाचे लाकूड परवडत नाही आणि जनावरे घटल्याने शेणही विकत घ्यायची पाळी आली. सारवण्याचा सगळा भार बायांवर पडतो, हे तर आपण पुरुष मंडळी सोयीने विसरतो. त्यामुळे सगळे जुनेच ठेवा असे माझे म्हणणे नाही. भिंत मातीची ठेवून जोते पक्के करता येते. फरशी घालता येते. कवेलूची सोय नसेल तर टिन टाकून त्याखाली बांबूच्या तट्ट्याचे आढे-छत करता येते, उष्णता पुष्कळ कमी होते. बांबू तर धुऱ्यावर आपणच लावू शकतो. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि वनाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. तीन वर्षांवरचा पक्व बांबू हिवाळ्यात तोडून बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवून ठेवला तर कीड लागत नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना एक विनंती. गावात सिमेंटचे रस्ते झाले, चांगले झाले. पण जुन्या थरावर नवा थर चढत गेला आणि रस्ता उंच, घर खाली अशी गत झाली. पहिल्याच मोठ्या पावसात रस्त्याचे पाणी जोत्यावरून थेट घरात शिरते. भिंत पडली की आपण म्हणतो, मातीची होती म्हणून पडली. खरे म्हणजे ती आपल्या रस्त्याने पाडली. नवा रस्ता करताना जुना थर खोदून काढावा किंवा आधी नाली करावी, मग रस्ता. आणि घरकुलाची जागा दाखवताना, आवारात वाव असेल तर नवे घर बाजूला बांधू द्यावे. जुने घर कापूस-सोयाबीन ठेवायला आणि उन्हाळ्याच्या दुपारी टेकायला कामी येईल.

म्हातारबाबांना सांगायचे ते एवढेच. घर पाडण्याआधी एकदा जोते पाहा, छप्पर पाहा, भिंतीला ओल चढली का ते पाहा. भिंत ओळंब्यात असेल आणि बूड कोरडे असेल, तर तिच्यावर कुदळ घालण्याची घाई करू नका. तिने तुमचे काहीच बिघडवलेले नाही.